बाहेरून बाबांची, आतून आपली

नंबर एमएच-04 असो की एमएच-05, आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत येणारी पहिली गाडी आधी कुणाची तरी असते. आठ-दहा वर्षं वापरलेली वॅगन-आर, स्विफ्ट, आय-10, नशीब जोरावर असेल तर होंडा सिटी. बाहेरून पॉलिश मारलेली, टायर चकाचक. दार उघडलं की मात्र आत सगळं बिस्किटी. डॅशबोर्डचा खालचा भाग बिस्किटी, दारं बिस्किटी, सीट बिस्किटी. हँडब्रेकशेजारी आधीच्या मालकाने सांडलेल्या चहाचा नकाशा, आणि छताचं कापड मधोमध पोट सुटल्यासारखं खाली आलेलं. बाबा म्हणतात, "इंजिन बघ, इंजिन! आतलं काय बघत बसलायस?" पण गाडीत बसल्यावर इंजिन कुणाला दिसतं? दिसतं ते आतलंच.

हा बिस्किटी रंग कंपन्यांनी उगाच दिलेला नाही. छोट्या गाडीत फिका रंग असला की जागा मोठी वाटते, उजेड जास्त वाटतो, आणि शोरूममध्ये आई-आजीसकट आलेल्या कुटुंबाला गाडी 'ऐसपैस' वाटते. शिवाय फिका रंग ऊन कमी शोषतो. लॉजिक पक्कं आहे. फक्त ते नव्या गाडीचं लॉजिक आहे. कल्याण-शीळ रस्त्याची धूळ, घामेजलेले हात आणि सात-आठ पावसाळे झाल्यावर त्या बिस्किटाचं चहात बुडवलेलं बिस्कीट होतं. दरम्यान टाटाने 2019 मध्ये हॅरिअरची 'डार्क एडिशन' काढली. पुढे एकेका कंपनीच्या काळ्या एडिशन येत गेल्या आणि काळं इंटिरिअर म्हणजे महाग गाडी, हे आपल्या डोक्यात फिट्ट बसलं. आता तर रोज रील येतात. पहिल्या तीन सेकंदांत कळकट बेज डॅशबोर्ड, मग एक बीट ड्रॉप, आणि पुढच्या फ्रेममध्ये सगळं मॅट ब्लॅक, सीटवर राखाडी कापड, लाल धाग्याची शिलाई. भारी वाटतं. त्या बीट ड्रॉपमध्ये जे चार-पाच दिवस कापलेले असतात, तिथे मात्र बरंच काही घडतं. हा लेख त्या दिवसांबद्दल आहे.

आधी एक गोष्ट. हे खूळ नुसतं शायनिंगचं आहे, असं घरचे म्हणतात आणि थोडंफार ते असतंही. पण डोंबिवलीतल्या वन-बीएचकेत आई-बाबा, आजी आणि धाकटा भाऊ यांच्याबरोबर राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला विचारा, दार लावून बसता येईल अशी जागा कुठे आहे? अनेकांचं उत्तर 'बिल्डिंगखाली लावलेली गाडी' असं येईल. तिथे बसून फोनवर भांडणं होतात, मिटतात. तिथे व्हायव्हाची घोकंपट्टी होते. निकाल लागल्यावर घरी जायच्या आधी दहा मिनिटं तिथेच बसलं जातं. स्वतःची खोली नसलेल्यांची ती खोली आहे. तिच्या भिंती आपल्या आवडीच्या रंगाच्या असाव्यात असं वाटणं मला तरी चैनीचं वाटत नाही.

शिवाय आतला भाग हीच एक अशी जागा आहे जिथे कायदा आपल्याला बऱ्यापैकी मोकळं सोडतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे बॉडीचा रंग बदलायचा तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्यायची. काचांचं तर सगळ्यांना माहीत आहे, तरी करतात. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली. काचेतून पुढे-मागे किमान 70 टक्के आणि बाजूने किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. इंटिरिअर डार्क केलं, आता काचाही डार्क करू, असं म्हणणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतो. त्याला नाक्यावरच्या हवालदाराच्या स्वाधीन करावं. आतल्या प्लॅस्टिकचा रंग आणि सीटचं कापड मात्र आरसीवर लिहिलेलं नसतं. सीटची संख्या आणि सुरक्षेच्या वस्तू यांना हात लावला नाही, तर ही खोली तुमची.

आणि आतून गाडी सजवणं आपल्याकडे रीलमुळे सुरू झालं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. स्टेशनबाहेरच्या रिक्षा बघा. कुठल्या रिक्षाचं छत आतून निळ्या मखमलीसारख्या कापडाचं, कुठे सीटवर डायमंडची शिलाई, कुठे रेक्झिनवर मालकाच्या मुलीचं नाव, कुठे आरसेच आरसे. ते हूड आणि सीट शिवणारे कारागीर ठाण्यापासून बदलापूरपर्यंत आहेत आणि कारच्या सीटचं कामही त्यांच्यातले अनेक जण करतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत बसलेल्यांना ती छताची फुलाफुलांची नक्षी आठवत असेल. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर 2003 मधली. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून गेली. त्याआधी, 2015 मध्ये संकेत अवलानी या डिझायनरने 'टॅक्सी फॅब्रिक' नावाचा प्रकल्प सुरू केला होता. तरुण डिझायनर एकेका टॅक्सीसाठी खास कापड डिझाइन करायचे आणि सीट, दारं, छत सगळं त्याच कापडाने मढवलं जायचं. टॅक्सीवाल्याची गाडी चारचौघींत उठून दिसायची आणि डिझायनरला गॅलरी मिळायची, तीही फिरती.

यात आपल्या भागाचाही एक दुवा आहे. कल्याण-शीळ रस्त्यावरचं प्रीमियर ग्राउंड नेत्यांच्या सभांमुळे सगळ्यांना माहीत आहे. ते नाव पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीचं. वालचंद हिराचंद यांची ही कंपनी. पद्मिनीसाठी कुर्ल्याचा कारखाना प्रसिद्ध, पण नव्वदच्या दशकात प्यूजो या फ्रेंच कंपनीबरोबर भागीदारी करून त्यांनी प्यूजो 309 ही गाडी इथे, कल्याणच्या कारखान्यात बनवली. 1997 मध्ये प्यूजोने काढता पाय घेतला. जिथे एके काळी गाड्यांना कारखान्यात सीट बसायच्या, त्याच रस्त्यावर आज आपण जुन्या गाडीची सीट बदलून घ्यायला कुणी मिळतंय का ते शोधत ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असतो.

तर आता रंग. यातली सर्वांत महत्त्वाची बातमी अशी की गाडीच्या आतल्या बऱ्याचशा प्लॅस्टिकला रंग चिकटूच इच्छित नाही. डॅशबोर्डचे आणि दारांचे मोठे पॅनल बहुधा पॉलिप्रॉपिलिनचे असतात. आईचे डबे, बादल्या, झाकणं ज्याची असतात तेच हे कुटुंब. डब्यावर मार्करने लिहिलेलं जसं अंगठ्याने पुसता येतं, तसाच या पॅनलवरचा रंग निघतो. एसीच्या जाळीभोवतीच्या चौकटी आणि म्युझिक सिस्टिमची फ्रेम अनेकदा एबीएसची असते आणि ती रंग छान धरते. ओळखायचं कसं? पॅनल काढून उलटा करा. मागच्या बाजूला दोन बाणांच्या मध्ये प्लॅस्टिकचं नाव कोरलेलं असतं, 'पीपी' किंवा 'एबीएस'. 'पीपी'च्या पुढे टी किंवा टीडी आणि 20 असा आकडा दिसला तर त्यात वीस टक्के टाल्क आहे. हो, पावडरीतलं टाल्कच. केमिस्ट्रीच्या सरांना सांगा, खूश होतील.

पीपी असेल तर रंगाआधी 'अढिजन प्रमोटर' नावाचा पारदर्शक थर मारावा लागतो. तो प्लॅस्टिक आणि रंग यांच्यात मध्यस्थी करतो. पण त्याच्याही आधी सफाई, आणि खरी मेहनत इथेच आहे. आपल्या गाड्यांच्या डॅशबोर्डला वर्षानुवर्षं चमक आणणारं पॉलिश मारलेलं असतं. त्यातल्या बऱ्याच पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉन म्हणजे रंगाचा जानी दुश्मन. त्यावर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडतात. माझ्या मावसभावाच्या स्विफ्टचं काम एका दुकानात दिलं होतं. त्यांनी ओल्या फडक्याने पुसून थेट कॅन मारला. चार दिवस गाडी झकास दिसत होती. पहिल्या पावसात एसी लावून काचा पुसताना दाराच्या पॅनलवर कोपर घासलं, आणि उन्हाने भाजल्यावर पाठीची सोलते तशी रंगाची पापडी हातात आली. ती सोलून काढायला त्याला जितके दिवस लागले, तितक्यात दोन गाड्या रंगवून झाल्या असत्या.

नीट करायचं तर क्रम असा. पॅनल गाडीतून काढायचा. गाडीत ठेवून मास्किंग टेप लावून रंगवता येतं, पण कडांना जुना बिस्किटी रंग डोकावतोच. काढताना स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, त्यासाठी प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या मिळतात. तरी क्लिप तुटतातच. सेंट्रल लाइनवर असल्याचा फायदा घ्या आणि कुर्ल्याला उतरा. सीएसटी रोडच्या दुकानांतून क्लिपांपासून अख्ख्या दरवाजापर्यंत काहीही मिळतं, जुन्या सुट्या भागांसकट. खरं तर आधी तिथे जाऊन तुमच्या मॉडेलचा काळा पॅनल मिळतोय का बघा. काही गाड्यांच्या वरच्या व्हेरिअंटमध्ये तोच पॅनल काळ्या रंगात आलेला असतो. तो जसाच्या तसा बसला तर रंगाची कटकटच मिटली.

पॅनल साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. दुसऱ्या वेळी नवं फडकं घ्या, नाहीतर पहिल्या फडक्यातलं सिलिकॉन तुम्ही परत लावताय. मग 400 ते 600 नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून हलक्या हाताने. फार घासलंत तर प्लॅस्टिकची दाणेदार नक्षी जाते आणि पॅनल खेळण्यातला वाटायला लागतो. पुन्हा अल्कोहोल. मग प्रमोटर, आणि त्यानंतर रंगाचे तीन-चार पातळ हात, प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटांचं अंतर ठेवून. पहिल्या हातानंतर पॅनल भयाण दिसतो, अर्धा बिस्किटी, अर्धा काळा. तेव्हा घाबरून जाड हात मारला की ओघळ आलाच. रंग मॅट किंवा सॅटिन घ्यायचा. डॅशबोर्डच्या वरच्या भागावर चमकदार काळा कधीच नको, कारण दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि पुढची रिक्षा दिसायच्या जागी तुम्हाला डॅशबोर्ड दिसतो. बऱ्याच बेज गाड्यांतही डॅशबोर्डचा वरचा भाग कंपनीनेच गडद आणि मॅट ठेवलेला असतो, तो याचसाठी.

हे सगळं मोकळ्या हवेत. स्प्रेच्या वाफा सर्जिकल मास्कने अडत नाहीत. त्यासाठी काडतूस असलेला, वाफा शोषणारा मास्क लागतो. आणि हार्डनर मिसळून मारायचे 'टू-के' प्रकारचे रंग घरी अजिबात नाहीत. त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना कायमचं धरू शकतं. एमआयडीसीच्या वासात वाढलेल्या डोंबिवलीकरांना 'एवढ्याशा वासाने काय होतंय' असं म्हणायची सवय आहे. ती इथे उपयोगाची नाही.

स्टिअरिंग रंगवू नका. हाताचा घाम आणि रंग यांचं जमत नाही. आधी ते चिकट होतं, मग निसरडं. त्याला चांगलं कव्हर शिवून घ्या. आणि स्टिअरिंगचा मधला भाग, तसाच डॅशबोर्डवर शेजारच्या सीटसमोरचा एअरबॅगचा भाग, यांना रंग, फिल्म, गोंद, गणपतीची मूर्ती, काहीही लावायचं नाही. तिथे आतून एक कमकुवत रेघ ठेवलेली असते. एअरबॅग उघडताना ती रेघ फाटते, आणि ठरवलेल्या पद्धतीनेच फाटायला हवी. तिच्यावर चिकटवलेली वस्तू त्या क्षणी थेट तोंडावर येते.

कापडाचा भाग तुलनेने सोपा वाटतो, कारण ते काम कारागीर करतो. तरी दोन गोष्टींतला फरक कळायला हवा. सीट कव्हर म्हणजे आहे त्या सीटवर घातलेला अंगरखा. तो एका तासात बसतो आणि वर्षभरात सरकायला लागतो. दुसरा प्रकार म्हणजे जुनं कापड काढून नवं चढवणं. यात कारागीर सीट गाडीतून बाहेर काढतो, मूळ कव्हर उसवतो, त्याच तुकड्यांचा फर्मा करून नवं कापड बेततो आणि कंपनीसारखं ताणून आतल्या तारांना रिंगांनी अडकवतो. खर्च बराच जास्त. पण चार-पाच वर्षांचा हिशोब केला तर हाच प्रकार परवडतो, आणि दिसायला तर तुलनाच नाही. चांगला कारागीर ओळखायची माझी खूण अशी: तो उसवलेले तुकडे फेकून देत नाही, त्यांवर खडूने नंबर टाकतो.

कापड कुठलं? रेक्झिन आणि लेदरेट काळ्या रंगात एकदम रुबाबदार दिसतं. मे महिन्यात कल्याणला उन्हात लावलेल्या गाडीत हाफ पँट घालून त्यावर बसून बघा, मग बोलू. पुसायला सोपं, हा त्याचा मोठा गुण. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर तेच घ्यावं. पण एकट्याने, ट्रॅफिकमध्ये तासन् तास बसणाऱ्याला विणलेलं कापड बरं, घाम शोषून घेतं. मधोमध कापड आणि कडांना रेक्झिन, ही कारागिरांची जुनी तडजोड आहे आणि ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. कड चढता-उतरताना घासली जाते, तिथे रेक्झिन टिकतं.

उल्हासनगर जवळ असल्याचा मोह इथे होतो. फर्निचर बाजारात फोम, रेक्झिन, सोफ्याचं कापड यांची रेलचेल आहे आणि भाव करायला मजा येते. पण सोफ्याचं कापड घरातल्या सावलीसाठी बनलेलं असतं. ते काचेतून येणाऱ्या उन्हात रोज भाजलं की काळ्याचं चॉकलेटी होतं, चॉकलेटीचं मातकट. गाडीसाठीचं कापड बहुधा पॉलिएस्टरचं असतं, मागे फोमचा पातळ थर चिकटवलेला असतो आणि ते किती हजार वेळा घासल्यावर झिजतं याची यंत्रावर चाचणी होते. शिवाय आगीचा मुद्दा. अमेरिकेत गाडीच्या आतलं कापड मिनिटाला चार इंचांपेक्षा जास्त वेगाने जळता कामा नये असा नियम आहे, भारतातही यासाठी मानक आहे. बाजारातल्या सुट्या कापडावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून गाडीचंच म्हणून विकलं जाणारं कापड मागा, दोन पैसे जास्त गेले तरी. उल्हासनगरहून पायपिंग, धागा, फोमशीट हे खुशाल आणा.

छताचं कापड का लोंबतं, हेही सांगायला हवं. त्या कापडामागे तीन-चार मिलिमीटरचा फोम असतो. उष्णता आणि दमट हवा यांनी तो फोम वर्षानुवर्षं कुजत जातो आणि शेवटी त्याची पिवळी भुकटी होते. कापड शाबूत असतं, त्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. म्हणून टाचण्या, स्टेपलर, फेव्हिक्विक हे उपाय चालत नाहीत. चिकटवणार कशाला, भुकटीला? छताचा अख्खा पुठ्ठा खाली उतरवून, जुना फोम ब्रशने पूर्ण खरवडून, उष्णता सोसणारं सोल्यूशन मारून नवं फोमवालं कापड बसवावं लागतं. छत काळं करायचं का? रीलमध्ये दिसतं छान. पण छोट्या हॅचबॅकमध्ये छतही काळं केलं की मागे बसलेल्या आजीला माठात बसल्यासारखं वाटतं. मी करडं करेन. आणि तुमच्या गाडीला पडद्यासारख्या उघडणाऱ्या कर्टन एअरबॅग असतील तर त्या छताच्या कडेला आणि खांबांच्या आत असतात. तिथलं काम ज्याला त्यातलं कळतं त्यानेच करायचं.

एअरबॅगचं पुराण पुन्हा आलं, पण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात. ड्रायव्हरची एअरबॅग भारतात 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची त्यानंतर. नव्या गाड्यांत आणि जुन्यांच्या महाग व्हेरिअंटमध्ये सीटच्या कुशीतही एअरबॅग असते. सीटच्या बाहेरच्या कडेला 'एअरबॅग' असा छोटा टॅग शिवलेला दिसतो. अशा सीटवर साधं जाड कव्हर चढवलं तर फुगा आतच अडकतो किंवा भलत्या बाजूने फुटतो. अशा सीटसाठी बाजूची शिवण मुद्दाम कच्च्या धाग्याने घातलेली कव्हर मिळतात; मजबूत शिलाई हा इथे दोष ठरतो. नव्याने मढवायचं असेल तर टॅगवाल्या सीटला कारागिराने हात लावू नये असंच मी म्हणेन. सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगच्या वायरिंगचा असतो. 'नंतर लावू' म्हणून ओढायचा नाही.

पट्ट्याचं तर आणखी साधं आहे. कव्हर घातल्यावर मागच्या सीटची बकलं बऱ्याचदा खाली दाबली जातात. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मागे कोण लावतं?" सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि पोलिसांच्या माहितीनुसार त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही पट्टा लावायला लावला. काम संपल्यावर दुकानातून निघायच्या आधी मागच्या सीटवर बसा, प्रत्येक बकल एका हाताने वर येतंय आणि कट्ट आवाज करून लागतंय का ते पाहा. पैसे त्यानंतर द्या. आणि पुढच्या सीटवर माणूस बसवून पट्ट्याचा बीप वाजतोय का तेही बघा, कारण सीटमधला सेन्सर फोम बदलताना हरवलेला असू शकतो.

डार्कचे तोटे मुद्दाम मागे ठेवले, नाहीतर तुम्ही इथवर वाचलंच नसतं. काळा रंग मळत नाही हा गैरसमज आहे. मातीचा डाग लपतो, पण धूळ बिस्किटीवर दिसत नाही ती काळ्यावर पांढरी रांगोळी होऊन दिसते. पलावाकडून डोंबिवलीला रोज ये-जा असेल तर मायक्रोफायबरचं फडकं दाराच्या खिशात कायमचं ठेवावं लागेल. गाडी जास्त तापते, हेही खरं. पार्किंग सावलीत नसेल तर समोरच्या काचेचा चांदीसारखा पडदा हा या सगळ्या खर्चातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग. विकताना भाव वाढेल म्हणून हे करत असाल तर करू नका. जुनी गाडी घेणारे काकाही इंजिनच बघणार आहेत.

मुहूर्त? पावसाळ्यात बिलकूल नाही. दमट हवेत रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि काळा रंग पांढुरका, धुरकट होतो. दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंत हवा कोरडी असते, सेमिस्टरची परीक्षाही मधेच कुठेतरी आटपते. पहिल्यांदाच करणार असाल तर अख्खा डॅशबोर्ड उघडू नका. ग्लव्ह बॉक्सचं झाकण काढा, बऱ्याच गाड्यांत ते दोन बाजूंनी दाबलं की हातात येतं. वर सांगितलेला सगळा क्रम तेवढ्या एका झाकणावर करा आणि ते परत बसवून महिनाभर रोज उघडा-बंद करा, नख मारून बघा, उन्हात तापू द्या. महिन्याने रंग जागेवर असेल तर दारांचे पॅनल काढायला घ्या. बाबांनी तोवर झाकणाबद्दल विचारलेलं असेलच.